टू-सीटर स्नोमोबाईल, एका हिवाळ्यात दोन बेल्ट खाल्ले. दुरुस्त करू की विकून मोकळी होऊ?

त्रिमूर्तीनगरची_लेक | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. मूळची नागपूरची, चार वर्षांपासून मुक्काम अमेरिकेत मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, हॉटन गावात. इथे वर्षाला सरासरी २०० इंचांच्या वर बर्फ पडतो. पुढे गेलं की हमरस्त्याच्या कडेला थर्मामीटरसारखी एक उंचच उंच पाटी उभी आहे. १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला होता, त्याची ती खूण. सांगायचा मुद्दा, इथे स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी) म्हणजे आपल्याकडची ॲक्टिव्हा. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे चालवतात.

मागच्या वर्षी शेजारच्या आजोबांकडून एक जुनी टूरिंग स्नोमोबाईल घेतली. दोन माणसांची सीट, मागे टेकायला पाठ, गरम होणारे हँडल, रिव्हर्स गिअर. ६०० सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, पाण्यावर थंड होणारं, कार्ब्युरेटरवालं. वय वीसच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मग चर्चा "ती कंपनीच भिकार" इकडे जाते.

तक्रार अशी: या मोसमात दोन बेल्ट गेले. पहिला डिसेंबरात घराच्या अंगणातच. दुसरा परवा, नवरा मागे बसलेला असताना, घरापासून १४ किलोमीटरवर, उणे २२ तापमानात. जळक्या रबराचा वास, इंजिन कोकलतंय पण गाडी पुढे सरकत नाही, आणि मग फाट्. जवळ जादा बेल्ट होता म्हणून परत आलो, नाहीतर हा धागा नवऱ्याच्या माहेरच्यांना टाकावा लागला असता.

एक बेल्ट १०० डॉलरच्या वर जातो. इथला मेकॅनिक मार्चपर्यंत मोकळा नाही. नवरा म्हणतो विकून टाक. बाबा म्हणतात नागपूरकरांना विचार. म्हणून विचारतेय.

---

खामल्याचा_बंडू | ११ जानेवारी

काय करून राहिली बापा तू! इथं ९ डिग्री झाली तर आमच्या गल्लीत शेकोटी पेटली, माकडटोप्या निघाल्या, अन् तू उणे २२ मधी नवऱ्याला मागे बसवून फिरून राहिली. बेल्ट नाही जळला ताई, त्यानं आत्महत्या केली.

---

पेठेतला_पाहुणा | ११ जानेवारी

"नवऱ्याच्या माहेरच्यांना" हा शब्दप्रयोग तपासावा.

बाकी, वीस वर्षांचे वाहन, स्थानिक मेकॅनिक उपलब्ध नाही, सुटे भाग महाग. या तीन गोष्टी एकत्र आल्या की उत्तर एकच: विका. शिवाय ज्यांनी हे यंत्र आयुष्यात पाहिलेले नाही अशा लोकांकडून दुरुस्तीचा सल्ला घेणे धाडसाचे आहे. बेल्ट कशाचा असतो, फॅनबेल्टसारखा का, एवढे तरी कृपया कुणी सांगेल काय?

---

त्रिमूर्तीनगरची_लेक | ११ जानेवारी

पाहुणे, शब्दप्रयोग मुद्दामच केला होता 😀

फॅनबेल्ट नाही. गाडीला गिअरबॉक्स नसतो. इंजिनच्या शाफ्टवर एक क्लच, त्याला दोन तिरकी ताटं. इंजिन फिरायला लागलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात, ताटं जवळ येतात आणि मधला रबरी बेल्ट पकडतात. दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा क्लच. वेग वाढतो तसा बेल्ट पुढच्या क्लचवर वर चढतो, मागच्यात खाली उतरतो. मागच्या क्लचपासून शाफ्ट, मग तेलाच्या डब्यात बुडलेली साखळी, आणि ती साखळी खालचा रबरी ट्रॅक फिरवते. पुढे दोन स्की, त्या फक्त वळायला. आमच्या गाडीचा ट्रॅक १३७ इंची आहे, दोन माणसांचं वजन पेलावं म्हणून लांब.

---

चौकातला_मिस्त्री | ११ जानेवारी

हे तर किनेटिक होंडा झाली की ताई!

पाहुणे साहेब, आपण हे यंत्र पाह्यलेलं आहे. १९८४ पासून नागपूरच्या रस्त्यावर धावून राहिलं होतं. टू-स्ट्रोक, बटन स्टार्ट, गिअर नाही, आत बेल्ट अन् दोन पुल्या. तिच्यात वजनाच्या जागी रोलर होते एवढाच फरक. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून त्या गाड्या उघडून राहिलो. गिऱ्हाईक म्हणायचं "पिकप नाही", अन् आधीचा मिस्त्री कार्ब्युरेटर खोलून बसायचा. रोग असायचा बेल्टात.

ताई, एक काम करा. दोन्ही मेलेले बेल्ट फेकले तर नाही न? फेकले नसतील तर उजेडात घेऊन पाहा. बेल्ट कसा मेला ते बेल्टच सांगते.

एकाच जागी बोटभर रुंदीचा जळका खड्डा असंल, तर गाडी जागची हलत नव्हती अन् तुम्ही रेस देऊन राहिल्या होत्या. दोन्ही बाजू सगळीकडून काचेसारख्या चमकत असतील, तर तो घसरून राहिला होता, पुलीला तेल-ग्रीस-काजळी लागली असंल नाहीतर ढिला असंल. एकाच बाजूचे धागे निघाले असतील, तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. आतले दात तुटले असतील तर वेगळी गोष्ट, ते मग सांगतो.

नवा बेल्ट घेऊ नका तोवर. तोही खाईल.

---

खामल्याचा_बंडू | ११ जानेवारी

मिस्त्रीभाऊ बेल्टचं पोस्टमॉर्टेम करून राहिले. मेडिकल चौकात दुकान हाय का तुमचं?

---

कामठीचा_हवालदार | १२ जानेवारी

जय हिंद. ईएमई मध्ये (सैन्याचं यंत्रदुरुस्तीचं दल) होतो, निवृत्त होऊन कामठीला स्थायिक. जागा सांगणार नाही, पण स्नो स्कूटर या हातांनी खूप उघडल्या आहेत. मिस्त्री बरोबर सांगताहेत. त्यात थंडीच्या चार गोष्टी जोडतो, कारण नागपूरच्या माणसाला त्या ठाऊक नसतात.

एक. पहिला बेल्ट अंगणात गेला म्हणालात. रात्री गाडी ओल्या बर्फात उभी राहिली असेल तर ट्रॅक जमिनीला गोठून चिकटतो. तुम्ही रेस देता, पुढचा क्लच फिरतो, बेल्ट जागचा हलत नाही, आणि दहा सेकंदांत एका जागी जळतो. आधी मागचा बंपर धरून गाडी उचलून आपटायची, स्की डावी-उजवी हलवायच्या, ट्रॅक सुटल्याची खात्री करायची, मगच रेस. रात्री उभी करताना खाली दोन फळ्या टाका.

दोन. इंजिन चालू करण्याआधी थ्रॉटल दाबून सोडा. अंगठा काढल्याबरोबर टक् करून परत आलं पाहिजे. केबलमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या स्लाइडवर ओल गोठली तर ते दाबलेलंच राहतं. आणि सेफ्टीची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करते ती) जॅकेटला अडकवल्याशिवाय स्टार्ट नाही.

तीन. नागपुरात इंजिन गरम होऊन धरतं. तिथे थंड असताना धरतं! ॲल्युमिनियमचा पिस्टन लवकर गरम होऊन फुगतो, सिलिंडर अजून बर्फासारखा गार. सुरू केल्या केल्या पळवली की पिस्टन घासून बसतो. इंजिनला हात लावून ऊब जाणवेपर्यंत थांबायचं.

चार. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. ते उणे ३७ पर्यंत टिकतं. नुसतं पाणी कधीच नाही. हे लिहायची गरज नाही असं वाटत असेल, पण मी असा प्रकार पाहिला आहे.

---

व्हीएनआयटी_मेक | १२ जानेवारी

सगळ्यांचा आदर ठेवून, थोडं वेगळं मत. इंजिन कोकलतंय आणि वेग नाही, हे क्लचच्या कॅलिब्रेशनचं लक्षण असू शकतं. पुढच्या क्लचमधली स्प्रिंग वीस वर्षांत मऊ होते, वजनांच्या पिना आणि बुश झिजतात. मागच्या क्लचमध्ये स्प्रिंग आणि एक तिरकी कॅम असते, ती भार वाढला की बेल्टला जास्त घट्ट पकडते. ही स्प्रिंग थकली तर दोन माणसांच्या वजनाखाली बेल्ट घसरणारच.

माझा सल्ला: दोन्ही क्लचचं पूर्ण किट बदला. आणि पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती जातो ते मॅन्युअलशी ताडून पाहा. आकडा जुळत नसेल तर माझं म्हणणं खरं.

---

चौकातला_मिस्त्री | १२ जानेवारी

इंजिनिअर साहेब, तुमचं पुस्तक चूक नाही. पण किट म्हणजे पैसे. पहिले फुकटात होणारं काम करावं, मग पैशाचं. ताईनं बेल्ट पाहू द्या न.

---

व्हीएनआयटी_मेक | १२ जानेवारी

आरपीएम पाहणंही फुकटच आहे मिस्त्रीजी. 🙂

---

महालातली_मावशी | १२ जानेवारी

मला यातलं काही कळत नाही, पण टू-स्ट्रोक म्हटलं आणि नाकात वास आला. आमच्या यांची लूना होती, मग आरएक्स १००. लूनात पेट्रोलपंपावर आधी ऑइल ओतायचे, मग पेट्रोल. रविवारी सकाळी ते पोरांना पुढे-मागे बसवून तर्री पोहे आणायला जायचे, आणि परत आले की पोह्याच्या पुडीलाही तो निळा धुराचा वास. त्या बर्फातही तोच वास येतो का गं?

---

त्रिमूर्तीनगरची_लेक | १२ जानेवारी

मावशी, अगदी तोच! पहिल्यांदा सुरू केली तेव्हा डोळे भरून आले होते. नवऱ्याला वाटलं धुरामुळे. ऑइल मात्र मिसळावं लागत नाही, वेगळी टाकी असते आणि पंप आपोआप सोडतो. तर्री इथे स्वतः करावी लागते.

बेल्टांचा फोटो आज रात्री काढते. कचऱ्यात टाकले होते, पण कचरागाडी बर्फामुळे आलीच नाही.

---

खामल्याचा_बंडू | १२ जानेवारी

आमच्याकडं कचरागाडी बर्फ नसतानाही येत नाही.

---

कोराडी_कन्व्हेयर | १३ जानेवारी

उशिरा आलो. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशाच्या कन्व्हेयरवर नोकरी केली, आयुष्य पट्टे सरळ करण्यात गेलं. बेल्टाचं मिस्त्री पाहतील, मी खालच्या ट्रॅकचं बोलतो. ताईंनी दिलेलं वर्णन वाचलं, तो ट्रॅक म्हणजे लहानसा कन्व्हेयरच आहे. ट्रॅक जड चालत असेल तर सगळा भार बेल्टावरच येतो, म्हणून हे पाहायलाच हवं.

नियम तोच: पट्टा ढिल्या बाजूला पळतो. म्हणून तो ज्या बाजूला सरकलाय ती बाजू ताणायची. मागच्या आसावर दोन्हीकडे बोल्ट असतील. एका वेळी पाव आटा, मग फिरवून पाहायचं, मग पुन्हा पाव. नवशिका पोरगा एकदम दोन आटे फिरवतो आणि पट्टा दुसरीकडे पळाला की रडतो.

ताणही मॅन्युअलप्रमाणे. फार ढिला ठेवला तर दाते सुटून खड खड आवाज करेल. फार कसला तर बेअरिंग आणि इंजिन दोघांवर भार. लोकांना वाटतं कसलेलं म्हणजे चांगलं. नाही.

आणि मागचा भाग उचलून ट्रॅक फिरवाल तेव्हा मागे कुणी उभं राहायचं नाही. आमच्याकडे चालू पट्ट्याजवळ कुणी गेलं तर मी शिव्या द्यायचो, इथे तर खिळे आणि खडे गोळीसारखे सुटतील.

---

त्रिमूर्तीनगरची_लेक | १३ जानेवारी

काका, तुमचं वाचून लगेच पाहिलं. ट्रॅक डावीकडे सरकला होता! डावा बोल्ट पाव-पाव करत तीनदा फिरवला, आता मधोमध आहे. ट्रॅकच्या आत दोन लांब प्लॅस्टिकचे स्लायडर असतात, ट्रॅक त्यांच्यावरून घसरतो. त्यातला एक बराच झिजलाय. या स्लायडरना बर्फच वंगण आणि बर्फच गारवा. कडक बर्फावर फार वेळ चालवलं तर ते वितळायला लागतात. इंजिनचंही तसंच. रेडिएटर पुढे नसून ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात बसवलेला असतो, ट्रॅकनं उडवलेला बर्फ त्याच्यावर आदळून पाणी थंड होतं. बर्फ नाही तर गाडी तापते.

---

खामल्याचा_बंडू | १३ जानेवारी

म्हणजे आपला कूलर! टाकीत पाणी नसलं की नुसती गरम हवा अन् खडखडाट. मे महिन्यात ४६ डिग्रीत तुह्या गाडीले खसची ताटी लावू अन् फुटाळा तलावावर चालवू.

---

वाचनवेडा_सदर | १३ जानेवारी

बंडूभाऊ हसू नका, तिकडे लोक हौसेनं उन्हाळ्यात गवतावर शर्यती लावतात, आणि वेगात असेल तर ही गाडी पाण्यावरूनही जाते. थांबली की बुडते.

विषय निघालाच आहे तर. या यंत्राचा मोठा जनक क्यूबेकमधल्या व्हालकूर गावचा गॅरेजवाला, जोझेफ-आर्मां बोंबार्दिए. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फानं बंद, इस्पितळापर्यंत नेता आलं नाही आणि पोर गेलं. तो आधीपासून बर्फावरच्या गाड्यांच्या मागे होताच, त्यानंतर त्यानं ध्यास घेतला. आधी मोठ्या, बसवजा गाड्या केल्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं त्यातून जायची. एकदोघांची हलकी गाडी आली थेट १९५९ मध्ये, स्की-डू. तिचं नाव स्की-डॉग ठेवायचं होतं आणि रंगवताना चूक झाली अशी एक गोष्ट सांगतात, ती खरी असो नसो.

आणि जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांसाठी: यामाहानं २०२३ मध्ये स्नोमोबाईलचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आरएक्स १०० वाल्यांना दुःख कळेल.

---

पेठेतला_पाहुणा | १३ जानेवारी

माहिती चांगली, पण मूळ प्रश्न बेल्टचा होता. धागा भरकटला की बेल्टसारखाच जळतो.

---

त्रिमूर्तीनगरची_लेक | १४ जानेवारी

तीळगूळ घ्या, गोड बोला! (पाहुणे, तुम्हीसुद्धा.)

तर बेल्टांचा निकाल.

पहिला, अंगणातला: एका जागी स्पष्ट खड्डा. तिथे रुंदी कमी झालीय, रबर जळून टणक. बाकी बेल्ट जवळजवळ नवा. म्हणजे हवालदार काकांनी सांगितलं तेच. त्या दिवशी आदल्या रात्री पाऊसमिश्रित बर्फ झाला होता. गुन्हेगार मीच.

दुसरा मात्र वेगळा. इंजिनाकडच्या बाजूचे धागे पिंजून बाहेर आलेत, जशी जुन्या सुंभाची चऱ्हाटं. दुसरी बाजू चमकतेय. आणि एक गोष्ट आता आठवली: एकटी असले तर कधीच वास येत नाही. नवरा मागे बसला आणि चढ आला की येतो. (तो म्हणतो दोष त्याच्या वजनाला देऊ नका.)

व्हीएनआयटी, आरपीएमही पाहिला. एकटी असताना पूर्ण थ्रॉटलला मॅन्युअलमधल्या आकड्याच्या शंभरेक आत-बाहेर.

---

चौकातला_मिस्त्री | १४ जानेवारी

दोन बेल्ट, दोन रोग. पहिला विसरा.

दुसऱ्याचं ऐका. एकटं असताना ठीक अन् वजन पडलं की बिघाड, म्हणजे पुल्या उभ्या गाडीत सरळ असतील पण जोर लागला की वाकड्या होत असतील. मग काय हलते? इंजिन हलते. इंजिन रबराच्या माउंटवर बसलं असते. त्यातलं एखादं फाटलं असंल. जोर लागला की बेल्ट इंजिनाला मागच्या पुलीकडं ओढते. माउंट फाटलं तर इंजिन सरकते, दोन पुल्यातलं अंतर कमी होते, बेल्ट ढिला पडते अन् घसरते. वरून इंजिन तिरपं झालं म्हणून एक बाजू घासते. धागे अन् चमक, दोन्हीचं उत्तर एकाच जागी.

टॉर्च घेऊन माउंट पाहा. रबर वरून चांगलं दिसेल, खालून लोखंडापासून सुटलेलं असते. लाकडी दांडा लावून इंजिन हलकेच ढकला. सगळी माउंट थोडी थोडी हलतील, फाटलेलं एकदम उघडेल. इंजिन बंद, चावी खिशात.

---

व्हीएनआयटी_मेक | १४ जानेवारी

मान्य. आरपीएम बरोबर आहे म्हणजे पुढच्या क्लचची स्प्रिंग आणि वजनं बहुतेक ठीक आहेत. माझं किट मागे घेतो.

पण एक जोडतो. माउंट बदललं तर बेल्टचा ताण पुन्हा लावावा लागेल. मागच्या क्लचमध्ये बेल्ट किती वर बसतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, साधारण ताटांच्या कडेशी समपातळीत किंवा किंचित वर. फार वर बसला तर गाडी आयडलला, म्हणजे रेस न देताही, सरकायला लागेल, फार खाली गेला तर निघताना झटका आणि जळका वास. पुल्यांची रेषा मोजायला त्या मॉडेलची सरळ पट्टी मिळते, ती शेजाऱ्याकडे उधार मिळते का पाहा. आणि पुल्यांची ताटं अल्कोहोलने पुसा, बारीक स्क्रबरने हलकेच घासा. तिथे ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० स्प्रे अजिबात नको.

---

चौकातला_मिस्त्री | १४ जानेवारी

हे मी सांगायचं विसरलो होतो. बरोबर आहे साहेब.

---

महालातली_मावशी | १४ जानेवारी

इंजिनिअर आणि मिस्त्री एकमेकांना बरोबर म्हणाले! आज संक्रांत खरी पावली.

---

त्रिमूर्तीनगरची_लेक | १९ जानेवारी

मंडळी!!

पुढचं डावं माउंट. वरून अगदी धडधाकट. दांडा लावला तर रबर आणि लोखंड यांच्यात माझं बोट जाईल एवढी फट उघडली. नवरा म्हणाला, "हे इतके दिवस असंच होतं?" गाडी देणाऱ्या आजोबांना दाखवलं तर ते हसून म्हणाले, "अच्छा, म्हणून मी एकट्यानेच चालवायचो." विकताना हे बोलले असते तर!

चारही माउंट बदलली, एक गेलं म्हणजे बाकीची त्याच वयाची. इंजिन सगळं काढावं लागलं नाही, आजोबांनी त्यांच्या गॅरेजात चेन-पुलीने थोडं वर उचलून दिलं. पुल्यांची रेषा मोजायची पट्टीही त्यांच्याकडेच निघाली. रेषा जवळजवळ बरोबर, एक पातळ वॉशर टाकावा लागला. ताटं पुसली, फडका काळा झाला. साखळीच्या डब्यातलं तेलही बदललं. चुंबकावर करड्या मलमासारखा थर होता पण तुकडे नव्हते, म्हणजे साखळी ठीक. झिजलेला स्लायडर बदलला. चारही माउंट आणि स्लायडर मिळून दोन बेल्टांपेक्षा कमी पैशांत झालं.

नवा बेल्ट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून बसवला. पहिले ५० किलोमीटर दमानं चालवायचा, एकदम पूर्ण थ्रॉटल नाही असं पुस्तकात आहे, तेही केलं. काल नवऱ्याला मागे बसवून ६० किलोमीटर गेलो, चढावरही. परत आल्यावर झाकण उघडून क्लचजवळ हात नेला, कोमट. आधी एवढ्या अंतरानंतर तिथे हात धरवत नव्हता.

आता मूळ प्रश्न: ठेवू की विकू? मोसम ३१ मार्चला संपतो, म्हणजे इथल्या ट्रेल बंद होतात. एप्रिलच्या शेवटी मी दोन महिने नागपूरला येणार. तेवढे दिवस गाडी शेडमध्ये. इथे उंदरांचा फार त्रास, एअरबॉक्समध्ये घरटं करतात.

---

पेठेतला_पाहुणा | १९ जानेवारी

माझे मत बदललेले नाही. आता गाडी चांगली चालते आहे, म्हणजे किंमत चांगली येईल. हीच विकायची वेळ. पुढच्या वर्षी कार्ब्युरेटर, त्याच्या पुढच्या वर्षी पिस्टन. पण अभिनंदन. मनापासून.

---

कामठीचा_हवालदार | १९ जानेवारी

पाहुणे, आता तिला या गाडीचा एकेक नट माहीत झालाय. नवी घेतली तर पुन्हा पहिल्यापासून. ठेवा.

झोपवायची पद्धत लिहून घ्या. टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवायचं औषध टाका, मग दहा मिनिटं चालवा म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत जाईल. तिकडच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओल ओढतं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरचे बारीक जेट चिकटतात. बिनइथेनॉलचं मिळालं तर उत्तम. त्यानंतर इंजिन चालू असताना हवेच्या वाटेनं फॉगिंग ऑइलचा फवारा, भरपूर पांढरा धूर निघेपर्यंत, म्हणजे आत गंज चढत नाही. बेल्ट काढून ठेवा. जिथे जिथे ग्रीसचं तोंड आहे तिथे ग्रीस. मागचा भाग स्टँडवर, ट्रॅक जमिनीला नको.

उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या भोकात स्टीलची घासणी कोंबा. आणि हँडलला मोठी चिठ्ठी बांधा: घासणी काढ. न काढता स्टार्ट केलेले मी पाहिलेत.

---

खामल्याचा_बंडू | १९ जानेवारी

म्हणजे एप्रिलात तिथं गाडी झोपते, अन् त्याच दिवशी इथं आम्ही कूलर उठवतो. तिथं उंदीर काढायचे, इथं टाकीतून पाल.

---

कोराडी_कन्व्हेयर | २० जानेवारी

ठेवा. आणि उभी करताना ट्रॅकचा ताण थोडा सैल करायला विसरू नका.

---

त्रिमूर्तीनगरचे_बाबा | २० जानेवारी

नमस्कार. मी या धाग्याच्या मालकिणीचा बाप. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. पहिल्या दिवसापासून वाचतो आहे, तिला सांगितलं नव्हतं.

अगं, हेल्मेट घालतेस ना? फोटोत दिसलं नाही. आणि तळ्याच्या बर्फावरून नेऊ नकोस, जाडी कोण मोजतं.

मिस्त्रीजी, तुमच्या पोस्टी वाचून खाली जिन्याखालची किनेटिक होंडा उघडली. १९९१ सालची, अकरा वर्षं झाली सुरू केलेली नाही. हिच्याच मागे बसवून मी हिला शिकवणीला सोडायचो. ती चढावर जळका वास द्यायची आणि मी म्हणायचो पोरगी जड झाली. आता कळलं. तुमचं दुकान कुठे आहे ते सांगाल का?

---

त्रिमूर्तीनगरची_लेक | २० जानेवारी

बाबा!!! मी जड नव्हते हे आता लेखी आहे. हेल्मेट घालते. फोटोपुरतं काढलं होतं.

पाहुणे, विकत नाही.

---

चौकातला_मिस्त्री | २० जानेवारी

काका, पत्ता निरोपात पाठवला. गाडी ढकलत आणू नका, टेम्पो पाठवतो. अन् आतला जुना बेल्ट काढून फेकू नका, मले पाहू द्या.